शेवट ठाऊक, तरी बघितलं!
हेडफोन लावलेत ना? आज 'तुझ्यात जीव रंगला'बद्दल बोलू. ऑक्टोबर 2016, झी मराठी. लाजरा पैलवान राणादा, शिकलेली पाठकबाई. आजी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ह्यांचं लग्न होणार बघ." झालंच! तरी तिनं एक भाग चुकवला नाही.

का? त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आणि टीव्हीत कोल्हापूरकडचं हिरवंगार रान! आजी जोडी कमी, रानच जास्त बघायची.

गोष्ट ठरलेली असू द्या हो. पण कधीतरी आमची काळी माती, सोयाबीन, तूरही दाखवा. प्रेम इथंही होतंच की!

नांदेडकर, लातूरकर, तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा.