एक किलो सहाशे ऐंशी ग्रॅम

(मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावरची ही करडी बोट आपल्यापैकी पुष्कळांनी मघाशी हातात घेऊन पाहिली. दोघा-तिघांनी "केवढ्याला आणली?" असंही विचारलं. ही विकत आणलेली नाही. मंडळाच्या मागच्या खोलीत, जिथे आपण मखराचं सामान ठेवतो, तिथे पावसाळ्यापासून दर रविवारी बसून ती तयार झाली. करणारे आम्ही तिघे, म्हणजे दोन सरकारी नोकर आणि एक मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारे, आणि आपल्या मंडळाची सात मुलं.

इंदूरला समुद्र नाही. मग युद्धनौका कशाला, असा प्रश्न आम्हालाही घरून विचारला गेला. कारण साधं होतं. मुलं गणपतीत नाचायला येतात आणि मग वर्षभर दिसत नाहीत. त्यांना रिमोटवर चालणारं काहीतरी करायचं होतं. ड्रोन आमच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा आपले नेव्हीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "मिसाइल बोट करा. तिची गोष्टही सांगता येईल."

ती गोष्ट थोडक्यात अशी. आपल्या नौदलानं सोव्हिएत रशियाकडून 'ओसा' वर्गाच्या आठ लहान बोटी घेतल्या. लांबी अवघी ३८.६ मीटर, पण प्रत्येकीवर चार 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं. बोटी जहाजावर लादून आल्या, पण एवढं वजन उतरवणारी क्रेन तेव्हा मुंबईत नव्हती. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून समुद्रमार्गे ओढत मुंबईला आणल्या. मुळात त्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. लांब पल्ल्याच्या नव्हेत. परंतु ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन बोटींनी थेट कराचीवर हल्ला केला. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिझ' ही सुरुंगशोधक नौका बुडाली. मोहिमेचं नाव 'ट्रायडेंट'. बोटींच्या तुकडीचे प्रमुख कमांडर बब्रू भान यादव यांना महावीरचक्र मिळालं. ४ डिसेंबर हा दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो तो यामुळेच.

आम्ही 'निपात' करायची ठरवली. प्रमाण एकास पन्नास. म्हणजे लांबी सुमारे ७७ सेंटिमीटर, रुंदी १५. इथवर सोपं आहे. खरी गंमत वजनाची आहे. लांबी पन्नास पटींनी कमी झाली तरी वजन पन्नास पटींनी नव्हे, पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाख पटींनी कमी होतं. पूर्ण भरलेली बोट सुमारे २१० टनांची. भागाकार केला की उत्तर येतं एक किलो सहाशे ऐंशी ग्रॅम. बॅटरी, मोटर, रंग, सगळं मिळून एवढंच. त्याहून जास्त झालं की बोट खोल बसणार, आणि जास्तीचं वजन वरच्या अंगाला असलं तर वळताना कलंडणार.

हे गणित आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आम्ही खात्यात काम केलेली माणसं. एक जुनी मोजमाप पुस्तिका, ज्याला आम्ही एम.बी. म्हणतो, तशी वही केली आणि वजनं लिहू लागलो. प्लायवूडचे आडवे पडदे कापून उभे केले, त्यावर पट्ट्या चिकटवल्या, वरून काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन. सांगाडा भरला ६१० ग्रॅम. मोटर, शाफ्ट, पंखे आणि सुकाणू २४०. खऱ्या बोटीला तीन पंखे असतात. आम्ही मधला मोटरवर घेतला, बाजूचे दोन नुसते फिरते ठेवले. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरलं, म्हणजे पाणी आत येत नाही. बॅटरी १२५. रिसीव्हर, सर्वो आणि वेग कमी-जास्त करणारं सर्किट ९५. रिसीव्हरची तार पाण्याच्या रेषेच्या वर ठेवावी लागते, कारण रिमोटच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत.

इथपर्यंत वही आमच्या हातात होती. पुढे वरचं काम आलं आणि ते आम्ही मुलांमध्ये वाटून दिलं. कुणी डेक केलं, कुणी कठडे. नववीतल्या एका मुलानं पुढची आणि मागची अशा दोन तोफा मागून घेतल्या. त्यानं सियागंजातून पितळी नळ्या आणल्या, बुरुज एम-सीलनं भरून घडवला, तीन रविवार कानस मारली. तोफा इतक्या सुबक झाल्या की आम्ही त्या सगळ्यांना दाखवत फिरलो. क्षेपणास्त्रांचे चार मोठे डबे मात्र आम्ही तिघांनी केले, प्लायवूडचे, चांगले भक्कम. मग लांबी, पॉलिश पेपर, प्राइमर आणि रंग. वही कपाटात राहिली.

नोव्हेंबरात महूच्या रस्त्यावर एका परिचितांच्या शेततळ्यावर बोट सोडली. सरळ छान गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिलंच जोरात वळण घेतलं आणि बोट कुशीवर पडली, ती उठलीच नाही. दोरीला गळ बांधून बाहेर काढली. सर्किट भिजून गेलं होतं.

काठावरच आमच्यापैकी एकानं तोफा हातात घेतल्या आणि म्हटलं, "यांचंच वजन आहे." चिमट्यानं दोन्ही उपसल्या. तो मुलगा शेजारी उभा होता. काही बोलला नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. पोहे पुढे आले. त्याच्या आजींनी विचारलं, "किती वजनाच्या करायच्या ते तुम्ही त्याला आधी सांगितलं होतं का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मुलगा म्हणाला, "काका, तुमचे डबे किती ग्रॅमचे आहेत?"

ते आम्ही मोजलेच नव्हते.

संध्याकाळी मागच्या खोलीत काटा काढला. सगळी मुलं जमली होती. दोन तोफा ११८ ग्रॅम. आमचे चार डबे २२० ग्रॅम. डेक आणि केबिन २१०. लांबी आणि रंगाचे १७०. बेरीज १,७८८. म्हणजे मर्यादेपेक्षा १०८ ग्रॅम जास्त, आणि बहुतेक सगळं वरच्या अंगाला. बोट आमच्या डब्यांनी पाडली होती आणि आम्ही उपसल्या त्याच्या तोफा. आम्ही त्याची सर्वांसमोर माफी मागितली. सरकारी नोकराला हे जरा जड जातं, पण मागितली.

त्या दिवशी वही मुलांच्या हातात दिली. त्यांनी सांगितलं, डबे जाड कार्डाचे करायचे. केले, ७० ग्रॅममध्ये बसले. तोफांचे बुरुज त्या मुलानं कागदाच्या लगद्याचे केले, नळ्या पेनच्या रिकाम्या रिफिलींच्या. दोन्ही मिळून २२ ग्रॅम. नवीन बेरीज १,५४२. उरले १३८ ग्रॅम. तेवढं शिसं, टायरच्या दुकानातून आणलेलं, बोटीच्या तळाशी आतून चिकटवलं. वजन तेच, पण आता खाली.

रंगही मुलांनी नव्यानं केला. आधी घरच्या टबमध्ये बोट तरंगवून पाण्याची रेषा पेन्सिलीनं आखली. रेषेखाली लाल, रेषेवर काळा पट्टा, त्यावर करडा. पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावली आणि रंग पुरता वाळायच्या आत काढली, म्हणजे कड फाटत नाही. करड्यात थोडा पांढरा मिसळला. लहान वस्तूवर खरा रंग डोळ्यांना जास्त गडद दिसतो. नव्या कामाला जुना रंग घासून मगच हात लावला, म्हणून वजन वाढलं नाही. हेही वहीत लिहिलेलं आहे, मुलांच्या अक्षरात, मराठीत. शाळेत हिंदी-इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांनी 'सुकाणू' हा शब्द इथे पहिल्यांदा लिहिला. पहिल्या वेळी चुकीचा लिहिला, दुसऱ्या वेळी बरोबर.

४ डिसेंबरला त्याच शेततळ्यावर रिमोट त्या मुलाच्या हातात होता. नेव्हीवाले काका खुर्ची टाकून काठावर बसले होते. त्यानं मुद्दाम जोरात वळण घेतलं. बोट झुकली, थांबली आणि सरळ झाली. काका एवढंच म्हणाले, "आता बरोबर आहे."

मंडळींनो, हे सांगण्याचं कारण असं. आपण मुलांना रंग देतो आणि हिशेब आपल्याकडे ठेवतो. गणपतीत त्यांनी नाचावं, खुर्च्या उचलाव्या, प्रसाद वाटावा. किती वर्गणी आली, किती खर्च झाला, मखर केवढं करायचं, हे आपण बंद खोलीत ठरवतो. मग काही बिघडलं की त्यांच्या हातातली वस्तू काढून घेतो, आणि ती येईनाशी झाली की म्हणतो, मुलांना आता मराठी मंडळात रस राहिला नाही.

तेव्हा कार्यकारिणीला आमची एकच विनंती आहे. या वर्षीच्या सजावटीचं अंदाजपत्रक या सात मुलांना करू द्यावं. आकडा आपण सांगावा, पण आधी सांगावा. वही त्यांच्याकडे राहू द्यावी. चुकलं तर आम्ही तिघे जबाबदार.

बोट टेबलावर आहे. ज्यांना चालवून पाहायची असेल त्यांनी रविवारी मागच्या खोलीत यावं; मात्र परवानगी त्या मुलाची घ्यावी लागेल, आमची नाही.

गणपती बाप्पा मोरया!