हजेरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी मुलांची हजेरी घेतली. शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. पण आम्ही 'अब्बा' म्हणून जरा मोठ्यानं हाक मारली, की डोळे न उघडताच ते उत्तर द्यायचे, 'हजर!' आम्ही हसायचो, आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन डोळे पुसायचो.

आज मी ज्या गाण्यांविषयी बोलणार आहे, त्यांनी मला या एका शब्दाकडे परत नेलं. गाणी इंग्रजी आहेत आणि गायक कॅनडातल्या माँट्रियल शहरातला ज्यू माणूस, लेनर्ड कोहेन. 'यू वॉन्ट इट डार्कर' हा त्याचा चौदावा स्टुडिओ अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी बाहेर आला. त्यानंतर सतराव्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, कोहेन गेला. वय ८२.

कोहेन आधी कवी होता. त्याचा पहिला कवितासंग्रह १९५६ सालचा. पहिली रेकॉर्ड आली १९६७ मध्ये, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. रॉक संगीताच्या जगात हे उशिराचं वय. 'हॅलेलुया' हे त्याचं आज जगभर गायलं जाणारं गाणं १९८४ च्या अल्बममधलं. तो अल्बम त्याच्या अमेरिकन कंपनीनं सुरुवातीला प्रसिद्ध करायलाच नकार दिला होता. पुढे म्हातारपणी त्याच्या लक्षात आलं, की आपली बहुतेक पुंजी नाहीशी झाली आहे. मग सत्तरी ओलांडलेला हा माणूस २००८ पासून पुन्हा गावोगाव गात हिंडला. गेलेल्या पैशांनी त्याला रस्त्यावर आणलं आणि रस्त्यानं त्याला नवे श्रोते दिले.

पण मला सांगायचं आहे ते या अल्बमच्या वेळचं. पाठीच्या मणक्यांना झालेल्या दुखापतींनी त्याला घराबाहेर पडणं अशक्य केलं होतं. तेव्हा त्याचा मुलगा अॅडम यानं स्टुडिओच घरी आणला. लॉस एंजेलिसच्या घरात आजारी माणसासाठीची खुर्ची, समोर जेवणाच्या टेबलावर मायक्रोफोन. बसवेल तितका वेळ बसायचं आणि म्हणायचं. बापाचा आवाज मुलानं असा गोळा केला. तो आवाजही आता गाण्याचा उरला नव्हता. खर्जाच्याही खाली उतरलेला, अर्धा गाणारा, अर्धा बोलणारा. ऐकताना वाटतं, हा माणूस आपल्या अगदी कानाशी बसला आहे.

पहिल्याच गाण्यात त्या आवाजामागे पुरुषांचा समूहस्वर उभा राहतो. माँट्रियलच्या ज्या प्रार्थनामंदिरात कोहेनचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जात होतं, तिथलेच ते गायक. आणि त्यात एक हिब्रू शब्द येतो, 'हिनेनी'. म्हणजे, 'हा मी इथं आहे'. देवानं अब्राहमला हाक मारली, पोटचा मुलगा मागण्यासाठी, तेव्हा त्यानं दिलेलं हे उत्तर. हा अब्राहम म्हणजे आमचे इब्राहीम अलैहिस्सलाम. बकरीदेला आम्ही त्यांचीच आठवण करतो. हजला निघालेली माणसं वाटभर 'लब्बैक' म्हणत जातात. त्याचा अर्थही तोच, 'मी हजर आहे'. आणि आपला 'हजर' हा शब्द तरी कुठला? अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसलेला.

मात्र कोहेनची ही हजेरी गोगलगाईची नाही. शरण जाता जाता तो देवाला जाब विचारतो. जगात एवढा अंधार तुलाच हवा होता का, असा त्याचा रोख आहे. मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. विठ्ठलाशी कडाकडा भांडणारे तुकोबा आपल्या घरातलेच आहेत.

या माणसाचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. नव्वदच्या दशकात तो कॅलिफोर्नियातल्या झेन मठात राहिला, १९९६ मध्ये भिक्षू झाला. तिथून निघाल्यावर १९९९ मध्ये तो मुंबईला आला, रमेश बाळसेकर यांच्याकडे. बाळसेकर हे बँकेतले निवृत्त उच्चाधिकारी आणि खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज मराठीत बोलत, बाळसेकर परदेशी पाहुण्यांना ते इंग्रजीत सांगत. म्हणजे गिरगावच्या पोटमाळ्यावर मराठीत झालेलं बोलणं एका हातातून दुसऱ्या हातात जात कोहेनपर्यंत पोचलं. वर्षानुवर्षांचं नैराश्य याच काळात ओसरत गेलं, असं तो नंतर सांगे. आणि तरीही, आपला जुना धर्म आपल्याला पुरेसा आहे, असंही तो म्हणे. दुसऱ्याच्या अंगणात बसल्यानं आपलं घर मोडत नाही, हे मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अल्बम जेमतेम छत्तीस मिनिटांचा. एका गाण्यात ग्रीक बुझुकी वाजते. तरुणपणी तो ग्रीसच्या हिद्रा बेटावर राहिला होता. दुसऱ्या एका गाण्यात तो जुगाराच्या टेबलावरून उठल्यासारखा निरोप घेतो. शेवटी एका आधीच्या गाण्याची चाल व्हायोलिनांवर परत येते. शब्द जवळजवळ संपलेले असतात. पुढे २०१८ मध्ये याच अल्बममधल्या शीर्षकगीताला सर्वोत्तम रॉक सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. घ्यायला तो नव्हता.

श्रोतेहो, मी पन्नाशी ओलांडलेली आहे. अब्बा गेल्यावर दोन वर्षं माझ्याकडून एक ओळ लिहून झाली नाही. वाटे, सांगायचं ते सांगून झालं, आवाजही बसला. मग एका रात्री हा अल्बम ऐकला. आवाज बसला म्हणून हा माणूस गप्प बसला नाही. बसलेल्या आवाजाला जे म्हणता येतं तेवढंच त्यानं म्हटलं. अब्बांच्या 'हजर'चं आम्हाला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, सगळं विसरून गेलेल्या त्या माणसाला एवढं मात्र आठवत होतं, की हाक आली की उत्तर द्यायचं.

त्या रात्री मी वही उघडली. वर तारीख घातली. खाली पहिला शब्द लिहिला, 'हजर'.