अण्णांची सोळाबारा

सर, बाई आणि 1995 च्या बॅचच्या सगळ्यांनो,

'तुझ्या क्षेत्राबद्दल बोल' असं आयोजकांनी सांगितलं होतं. सॉफ्टवेअरबद्दल तुमची मुलंच तुम्हाला रोज ऐकवत असतील. मी अण्णांच्या ट्रकबद्दल बोलते. गॅदरिंगच्या मांडवाचे बांबू ज्यातून यायचे, तोच.

गाडी टाटा 1612. नावातच सगळं आलं: मालासकट वजन 16 टन, ताकद साधारण 120 हॉर्सपॉवर. इंजिन बिनटर्बोचं. साखर भरून खंबाटकी चढताना अण्णा दुसऱ्या गीअरवर आणि मागे हॉर्नची रांग.

1999 साली मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. (हो, मेकॅनिकल. आमच्यातले अर्धे पुढे कॉम्प्युटरवरच गेले.) अण्णांना म्हटलं, पंपाचं डिझेल वाढवून घ्या. पंपवाला नको म्हणत होता, हट्ट माझा. पहिला आठवडा गाडी पळाली. धूर मात्र काळाकुट्ट.

बिनटर्बोचं इंजिन पिस्टनच्या ओढीने येईल तेवढीच हवा घेतं. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं, की थोडं जळतं, बाकीचं धूर होऊन जातं आणि आतली उष्णता चढत जाते. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तिसऱ्या आठवड्यात ऐन घाटात एक पिस्टन लायनरला चिकटला.

अण्णा एक शब्द बोलले नाहीत. माझ्या फीचे पैसे गाडी ओढून आणण्यात आणि गॅरेजात गेले. त्या वर्षीची फी आपल्या शाळेतल्या एका बाईंनी भरली. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांची अट होती. त्या आज समोर बसल्यात. बाई, रागावू नका.

जुन्याच इंजिनावर टर्बो बसवू या, असं मी पुन्हा म्हणणार होते. मिस्त्रींनी थांबवलं. टर्बोच्या इंजिनाचे पिस्टन वेगळे, कॉम्प्रेशन कमी, पंपाचं सेटिंग वेगळं. नुसता टर्बो लावला तर हेडगॅस्केट किती दिवस टिकणार? मग अपघातातल्या एका गाडीचं, त्याच जातीचं टर्बो इंजिन कागदपत्रांसह मिळालं. इंजिन नंबर आरसी बुकात बदलून घेण्यातच महिना गेला. आता ऑफिसात कुणी जुन्या प्रोग्रॅमचा वेग वाढवायला सांगितला, की मी आधी विचारते, हवा कुठून येणार? नवीन मुलांना वाटतं बाईसाहेबांना एसी हवाय.

कागदावर 120 चे 130 झाले, एवढंच. पण मधल्या फेऱ्यांवरची ओढ वाढली, त्यामुळे गीअर सारखा पाडावा लागेना. खंबाटकी तिसऱ्यावर चढू लागली. अण्णांना एकच सवय नव्याने लावून घ्यावी लागली. घाट चढून थांबलं की लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं स्लोवर ठेवायचं. फिरणाऱ्या टर्बोला इंजिनाचंच ऑइल मिळतं. एकदम बंद केलं तर गरम बेअरिंग कोरडं पडतं. ती दोन मिनिटं ते स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसत.

बाईंचे पैसे त्यांनी पुढच्या गळीत हंगामात फेडले. डायरीत नोंद आहे. खाली अण्णांच्याच अक्षरात लिहिलंय: 'बाईंनी दहा रुपये जास्त आले म्हणून परत पाठवले.'