घर विकून बिऱ्हाड करणाऱ्यांविषयीं

(ज्युबिलीच्या नोव्हेनाच्या पांचव्या दिवशीं कुटुंबांसाठीं केलेलें भाषण)



ज्युबिली हा शब्द आपण वर्षभर ऐकत आहों. मांडव, रोषणाई, बँड, वर्गणी यांच्या धांदलींत त्याचा मूळ अर्थ काय, हें विचारण्यास कोणास सवड झाली नाहीं; आम्हांसही झाली नव्हती, हें प्रारंभींच कबूल करणें बरें. हा शब्द मूळचा जमीनजुमल्याच्या व्यवहारांतला आहे. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, पन्नासावें वर्ष हें ज्युबिलीचें. त्या वर्षीं विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळाकडे परत यावयाची. म्हणून जमिनीचें मोल ठरवितांना पुढील ज्युबिलीपर्यंत किती पिकें निघतील तें मोजावें. घरांविषयीं नियम निराळा आहे. तटबंदीच्या शहरांतील घर कोणी विकलें, तर तें सोडवून घेण्यास त्यास एक वर्षाची मुदत. वर्ष उलटलें कीं घर घेणाऱ्याचें कायमचें झालें, मग ज्युबिली आली तरी तें सुटावयाचें नाहीं. तटबंदी नसलेल्या खेड्यांतील घरें मात्र जमिनींत धरलीं जात, आणि जमिनीबरोबरच परत येत.

हा अध्याय आम्हीं सेमिनरींत परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढें विसरलों. तेथें घर विकणाऱ्यास दोष दिलेला नाहीं, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. माणसावर गरिबी येते, तो विकतो, हें तेथें धरूनच चाललें आहे. नियम घातला आहे तो मुदतीचा.

आमच्या या वसईच्या पट्ट्यांत घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. मागें वाडी, वाडींत केळी आणि पानवेली, विहीर, कोठें कोठें बावखल, पुढें ओटी, आणि ओटीवर रोझरीसाठीं जमणारी आळी. सामवेदी असोत, वाडवळ असोत कीं कोळी असोत, आजोबांनीं बांधलेलें घर विकावयाचें ही गोष्ट आमच्याकडे मरणाच्या बातमीसारखी बोलली जाते, म्हणजे हलक्या आवाजांत आणि दार लावून. त्यामुळें घडतें असें कीं, ज्यास विकणें भाग आहे तो कोणाचा सल्ला घेत नाहीं. आणि गुपचूप केलेला सौदा बहुधा स्वस्तांत जातो.

अशाच एका कुटुंबाची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांच्या परवानगीनेंच आम्ही बोलत आहों. नांव सांगण्याचें कारण नाहीं, आणि ज्यांस तें ठाऊक आहे त्यांनीं मनांत ठेवावें. या गृहस्थाचा धंदा फुलांचा. पहांटेच्या लोकलनें फुलांचे भारे दादरच्या बाजारांत न्यावयाचे, हा आमच्याकडील कित्येकांचा पिढीजात रिवाज. २०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें लोकल गाड्या बंद झाल्या, बाजार बंद झाला, देवळें आणि आमचीं चर्चेंही बंद झालीं. फूल कांहीं तांदूळ नव्हे कीं कोठारांत ठेवावें. झाडांवरचीं फुलें झाडांखालीं कुजलीं. त्याच वर्षीं घरांत आजार आला, आणि खाजगी सावकाराकडून घेतलेली रक्कम महिन्यागणिक वाढूं लागली.

२०२१ च्या उपवासकाळांत एके रात्रीं तो आमच्याकडे आला. त्यानें हिशेब कागदावर मांडून आणला होता. घर विकावें, कर्ज एकदम फेडावें, स्टेशनाजवळ दोन खोल्यांचें बिऱ्हाड करावें, आणि भाडेपट्ट्याच्या जागेंत रोपवाटिका घालून नव्यानें आरंभ करावा, अशी त्याची योजना होती. आम्हीं तो कागद नीट वाचलासुद्धां नाहीं. वडिलांचें घर विकूं नकोस, धीर धर, देव वाट दाखवील, असें सांगून त्यास परत पाठविलें. तो आज्ञाधारक माणूस. त्यानें धीर धरला. आमचें तें वाक्य त्यास आठ महिन्यांच्या व्याजास पडलें. देवावर भार टाकणें आणि हिशेबाचा कागद न वाचणें यांत अंतर आहे, हें आम्हांस त्याच्यापासून शिकावें लागलें.

अखेर डिसेंबरांत घर विकलें. तत्पूर्वीं एक अडचण उभी राहिली, ती सांगितलीच पाहिजे, कारण ती घरोघरीं आहे. घर अद्याप मयत वडिलांच्या नांवावर होतें, आणि बहिणींचीं नांवें कोठेंच नव्हतीं. आमच्याकडे बहिणीस एक भारी साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस कधींच आवडली नाहीं. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि पत्नी व मुलें मागें असतील, तर एक तृतीयांश पत्नीचा आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत सर्व मुलांचा सारखा वांटा. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यांत नाहीं. या गृहस्थानें बहिणींस बोलावून हिशेब पुढें ठेविला. एकीनें आपला वांटा घेतला, दुसरीनें भावाच्या संकटासाठीं आपखुशीनें सोडला. वांटा घेणारीस आळींत नांवें ठेवण्यांत आलीं, तें अगदीं अनुचित झालें.

वाडीचा तुकडा त्यानें विकला नाहीं, हें शहाणपणाचें केलें. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. शेवटचा गुंठा विकून बसलेल्या माणसास पुढें पैसा आला तरी शेतांत परत शिरतांना अडचण पडते. दलाल ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहींत.

आतां बिऱ्हाडाविषयीं. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाहीं, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. महाराष्ट्रांत ती खरी नाहीं. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, मुदत कितीही असो. ती नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती नसेल आणि तंटा झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलें याविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याचप्रमाणें मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट भाड्याच्या दरानें भरपाई द्यावी लागते. म्हणजे कायदा दोहों बाजूंस पाहतो. आमच्यांतील कित्येक जण आज भाडेकरू आहेत आणि कित्येक जण चाळी बांधून घरमालक झाले आहेत. दोघांनींही हें ऐकावें.

या कुटुंबानें अकरा महिन्यांचा करार केला. नवें घर दोन वर्षांत घ्यावयाचें असें ठरलें असतांना करार अकराच महिन्यांचा कां केला, हें त्यांस कोणी विचारलें नाहीं. अकरावा महिना सरतांना मालकाच्या मुलाचें लग्न ठरलें आणि खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. पुनः सामान बांधणें, पुनः अनामत, पुनः मुलांच्या शाळेचा लांब रस्ता. बिऱ्हाडाची मुदत आपल्या योजनेच्या मुदतीइतकी असावी, ही साधी गोष्ट. पण घर सोडतांना ज्याचें मन ठिकाणावर नसतें त्यास साध्या गोष्टी दिसत नाहींत. त्या वेळीं शेजाऱ्यानें पाहावें लागतें.

सर्वांत मोठा धोका मात्र जागेचा नव्हे, पैशाचा. कर्ज फेडून जी रक्कम बँकेंत पडून राहते तिच्याकडे सर्वांचे डोळे लागतात. कोणास गाडीसाठीं उसने हवे असतात, कोणाच्या घरीं लग्न निघतें, आणि ज्यानें घर विकलें त्यास आपण अजून सुस्थितींत आहों हें दाखवावयाचें असतें. दोन वर्षांसाठीं केलेलीं बिऱ्हाडें दहा वर्षें चाललेलीं आम्हीं पाहिलीं आहेत, आणि तीं बहुधा याच वाटेनें गेलीं. या बाबतींत सरकारी कायद्यानेंही, मोशेप्रमाणेंच, एक मुदत घातली आहे. दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असलेलें राहतें घर विकून जो नफा झाला, तो दोन वर्षांत दुसरें राहतें घर घेण्यांत किंवा तीन वर्षांत बांधण्यांत घातला, तर तेवढ्या नफ्यावर कर पडत नाहीं. १९६१ च्या आयकर कायद्यांत हा नियम होता आणि २०२५ च्या नव्या कायद्यांतही तो ठेविला आहे. तोंपर्यंत न वापरलेली रक्कम विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वीं बँकेच्या भांडवली नफा खात्यांत ठेवावी लागते. येथें एक चूक पुष्कळांची होते. विकलेल्या पैशांतून कर्ज फेडलें म्हणून नफ्यावरचा कर सुटत नाहीं. सुटतो तो नव्या घरांत घातलेल्या नफ्यापुरताच. आमच्या या गृहस्थास ही गोष्ट वेळेवर कळली आणि त्यानें त्या खात्यांत रक्कम ठेविली. उसने मागणाऱ्यांस तो म्हणे, पैसे सरकारी खात्यांत अडकले आहेत. हें अगदीं पूर्ण सत्य होतें असें नव्हे, पण आम्हीं त्याबद्दल त्यास प्रायश्चित्त दिलें नाहीं.

येथपर्यंत त्याची गोष्ट झाली. आतां आमची सांगावयाची आहे, आणि ती सांगण्यासाठींच आम्हीं आजचा विषय निवडला.

घर विकल्यावर चर्चच्या कुटुंबनोंदवहींत त्या घरापुढें आम्हीं आमच्या हातानें 'स्थलांतर' असा शेरा लिहिला आणि ओळीवर रेघ मारली. स्टेशनाजवळचें तें बिऱ्हाड आमच्याच धर्मग्रामाच्या हद्दींत होतें. पण तेथें वस्तीप्रमुख नाहीं, जुनी आळी नाहीं, मग चौकशी कोणी करावी? ईस्टरनंतर घरोघर आशीर्वादाची फेरी निघाली, ती त्या इमारतीच्या समोरून गेली. पहिल्या वर्षीं गेली, दुसऱ्या वर्षींही गेली. त्या घरांतील म्हातारी आजी गुडघ्यांमुळें जिना उतरूं शकत नव्हती. ती खिडकींतून क्रूस आणि वेदीसेवक मुलें जातांना पाहत असे.

पुढें तिच्या दुखण्याचा निरोप आला, तेव्हां आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन प्रथम त्या बिऱ्हाडीं गेलों. खोली स्वच्छ होती, पण भिंती उघड्या. जुन्या घरांत ओटीसमोर जी पवित्र हृदयाची मोठी तसबीर होती, ती कोठें आहे असें आम्हीं विचारलें. ती कपाटावर, एका लुगड्यांत गुंडाळून ठेविली होती. खिळे ठोकूं नयेत असें करारांत लिहिलें होतें, असें सुनेनें सांगितलें. आजी म्हणाली, "हें आपलें घर नव्हे, फादर. देवाला दुसऱ्याच्या भिंतीवर कसें लावूं?" आणि थोडें थांबून, कांहींही राग न आणितां तिनें विचारलें, "भाड्याच्या घराला आशीर्वाद चालत नाहीं का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. संत पौल रोममध्यें पुरीं दोन वर्षें भाड्याच्या जागेंत राहिला, येणाऱ्या सर्वांचें त्यानें तेथेंच स्वागत केलें, आणि प्रेषितांचीं कृत्यें हें पुस्तक त्या भाड्याच्या जागेंतच संपतें, हें आम्हांस पाठ होतें. अनेकदां प्रवचनांत सांगितलेंही होतें. पण त्या खोलींत उभे असतांना तें तोंडावाटे निघेना. आम्हीं एवढेंच म्हटलें, "चालतो, आजी. आम्हीच आलों नाहीं."

त्याच संध्याकाळीं आम्ही घरमालकाकडे गेलों. ते आपल्या धर्माचे नव्हेत. तसबिरीचें ऐकल्यावर ते स्वतः हातोडी आणि खिळा घेऊन वर आले, आणि खिळा कोठें ठोकावा हें त्यांनीं आजीलाच विचारलें. पलंगावरून दिसेल अशा जागीं तसबीर लागली. आम्हीं दोन्ही खोल्यांस आशीर्वाद दिला. आजी त्यानंतर पांच महिने जगली.

कुटुंबानें २०२३ च्या नोव्हेंबरांत, मुदत संपण्यास थोडे आठवडे उरले असतां, रेल्वेच्या पूर्वेस एक लहानसें घर घेतलें. तें जुन्या घराच्या निम्म्याहूनही लहान आहे. रोपवाटिका चालते आहे. या मांडवापुढील शेवंतीच्या कुंड्या तेथल्याच आहेत, आणि त्यांचें बिल पूर्ण चुकतें केलें आहे. जुन्या घराच्या जागीं आतां चार मजले उभे आहेत. तिकडून जातांना तो मान वळवितो असें त्यानें आम्हांस सांगितलें, आणि आम्हीं त्यास कांहीं समजाविण्याचा प्रयत्न केला नाहीं.

नोंदवहींतील ती रेघ आम्हीं खोडली आहे. पान थोडें मळलें, तें तसेंच राहूं दिलें. मात्र रेघा एकच नाहींत. वही पुनः वाचतांना 'स्थलांतर' असा शेरा असलेलीं आणखी कुटुंबें आढळलीं, आणि त्यांतील कित्येक अद्याप याच हद्दींत, कोणी चाळींत, कोणी दुसऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर, बिऱ्हाडानें राहत आहेत. ज्युबिलीच्या पुस्तिकेंत छापावयाची कुटुंबांची यादी अद्याप छापखान्यांत गेलेली नाहीं. घरमालक आणि भाडेकरू असे वेगळे रकाने तींत असणार नाहींत. आपल्या शेजारीं, जिन्यावर किंवा मागच्या खोलींत असें कोणी राहत असेल, तर त्यांचा पत्ता रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टींत आणून द्यावा. ज्यांस जिना उतरवत नाहीं त्यांचे पत्ते आधीं द्यावे. आशीर्वादाची फेरी या वर्षीं तेथून निघेल.