पराभवाची चौकशी

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी गोऱ्या सैन्याला हरवल्याचा विषय निघाला, की बहुतेकांना जनरल कस्टर आठवतो. साल १८७६. पण त्याच्या ८५ वर्षं आधी, कस्टरच्या लढाईत पडले त्याच्या दुपटीहून अधिक सैनिक एका सकाळी कापले गेले होते. त्यांचा सेनापती होता आर्थर सेंट क्लेअर. त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. मला मात्र ही लढाई आणि त्यानंतर झालेली चौकशी, दोन्ही समजून घेण्यासारख्या वाटतात.

सेंट क्लेअर मूळचा स्कॉटलंडमधल्या थर्सो गावचा. १७५७ साली तो ब्रिटिश सैन्यात शिरला आणि फ्रेंचांशी लढायला अमेरिकेत आला. लुईबर्ग, क्वेबेक इथल्या मोहिमांत तो होता. १७६२ मध्ये नोकरी सोडून त्याने पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम सरहद्दीवर, लिगोनियरच्या खोऱ्यात जमीनजुमला केला. पुढे स्वातंत्र्ययुद्धात तो वॉशिंग्टनच्या बाजूने उतरला आणि मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. १७७७ मध्ये टायकॉन्डेरोगाचा किल्ला न लढता सोडला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला, त्यातून तो निर्दोष सुटला.

१७८७ मध्ये तो काँग्रेसचा अध्यक्ष असताना ओहायो नदीपलीकडच्या विस्तीर्ण वायव्य प्रदेशासाठी एक कायदा झाला. या प्रदेशाचा पहिला गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली ती सेंट क्लेअरचीच. आजची ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन ही राज्यं याच मुलखातून निघाली. सिनसिनाटी शहराला ते नाव १७९० मध्ये त्यानेच दिलं.

तो कायदा मोठा चमत्कारिक आहे. त्यात गुलामगिरीला बंदी आहे. मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीवाचून घेऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. आणि त्याच कायद्यात ५,००० स्वतंत्र प्रौढ पुरुष वस्तीला आले की विधिमंडळ, ६०,००० लोकवस्ती झाली की राज्य, असा हिशेबही मांडला आहे. आता हे ६०,००० लोक राहणार कुणाच्या जमिनीवर? तह करायचे गव्हर्नरने, नवे जिल्हे आखायचेही गव्हर्नरनेच! १७८९ च्या जानेवारीत त्याने फोर्ट हार्मर इथे एक तह घडवून आणला. मायामी आणि शॉनी लोकांनी तो मानला नाही.

मग सैन्य निघालं. १७९० ची जनरल हार्मरची मोहीम फसली. दुसऱ्या वर्षी खुद्द सेंट क्लेअर निघाला. फौज घाईने भरती केलेली, कवायत अपुरी, शिधा वेळेवर नाही, सामान निकृष्ट. सेनापती संधिवाताने बेजार. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे वॉबाश नदीकाठच्या छावणीवर लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी हल्ला केला. तीनेक तासांत सारं संपलं. ६०० हून अधिक सैनिक मेले. सेंट क्लेअरच्या कपड्यांतून गोळ्या आरपार गेल्या, पण तो वाचला.

आता खरी गोष्ट सुरू होते. मार्च १७९२ मध्ये प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली आणि युद्धखात्याकडे कागदपत्रं मागितली. असा प्रसंग नव्या राष्ट्रात पहिलाच. वॉशिंग्टनने जेफरसन, हॅमिल्टन आदी सहकाऱ्यांना बोलावून विचारलं, की कागद द्यायचे का? ठरलं असं, की चौकशीचा सभागृहाला अधिकार आहे. मात्र ज्या कागदांनी लोकहिताला बाध येईल ते अध्यक्षाला राखून ठेवता येतील. या वेळी कागद दिले गेले. तिथे काँग्रेस आणि अध्यक्ष यांच्यात कागदांवरून जेव्हा जेव्हा वाद होतो, तेव्हा आजही या निर्णयाचा दाखला निघतो.

समितीने सेंट क्लेअरला दोषमुक्त केलं. दोष ठेवला तो तयारीतल्या दिरंगाईवर, रसद खात्याच्या गैरव्यवस्थेवर आणि शिधा पुरवणाऱ्या मक्तेदारावर. पराभवाचं खापर एका माणसावर फोडून मोकळं न होता तिने पीठ, बूट, दारूगोळा, सगळ्याचा हिशेब घेतला. हे मला मोलाचं वाटतं.

पण एक प्रश्न त्या समितीपुढे आलाच नाही. समोरचे लोक लढले का? ज्यांच्या संमतीशिवाय जमीन घ्यायची नव्हती, त्यांची साक्ष कुणी घेतली नाही. १७९४ मध्ये जनरल वेनने त्यांचा पराभव केला आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने ओहायोचा बहुतेक मुलूख त्यांच्या हातून गेला.

ओहायोला राज्याचा दर्जा द्यायला सेंट क्लेअरचा विरोध होता. १८०२ मध्ये जेफरसनने त्याला गव्हर्नरपदावरून काढलं. सरकारी कामासाठी त्याने पदरचे पैसे घातले होते. ते परत मिळवण्यासाठी तो काँग्रेसच्या पायऱ्या झिजवत राहिला. कर्जापायी जमीनजुमला गेला आणि लाकडी ओंडक्यांच्या घरात गरिबीत दिवस काढून १८१८ मध्ये तो वारला. दुसऱ्यांच्या जमिनीवर ज्याने राज्यं आखली, त्याच्याकडे अखेरीस स्वतःची जमीन उरली नव्हती. सेंट क्लेअरची निदान चौकशी तरी झाली. मायामी आणि शॉनी लोकांच्या वाट्याला तीही आली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)