गिरणगावच्या वल्ली



चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘जुन्या सोलापुरातील विक्षिप्त माणसे’ असा. दोन दिवस गंभीर व्याख्याने झाली आहेत, तेव्हा आज लोकांना थोडे हसू द्या, असेही त्यांनी सुचविले. हसायला माझी ना नाही. मात्र ज्या माणसांना मी हसलो त्यांच्यातल्या काहींचे अर्ज पुढे मलाच लिहावे लागले, त्यामुळे मध्येच माझा आवाज बदलला तर सांभाळून घ्यावे.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाकावर आणि गिरणीच्या दाराशी झाले. तेव्हा विक्षिप्तपणाची शास्त्रीय व्याख्या माझ्यापाशी नाही. माझी व्याख्या कामगाराची आहे. ज्याचे वागणे भोंग्याशी जुळत नाही, त्याला हे शहर विक्षिप्त म्हणत आले.

१८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सूर्याऐवजी भोंगा उगवू लागला. जेवण, झोप, नळावरची भांडणे, सारे त्याच्या हुकमात. आमच्या चाळीत एक म्हातारा होता, त्याला आम्ही पोरे ‘भोंगा’च म्हणत असू. नाव सांगत नाही. त्याची नातवंडे याच शहरात आहेत आणि कदाचित या सभेतही असतील. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी हा गृहस्थ काठीने दारे वाजवीत जाई. घरात घड्याळ नाही, मनगटावर नाही, पण चूक कधी नाही. कोणाची कोणती पाळी, कोणाचा बदलीचा दिवस, कोण आजारी, सगळे तोंडपाठ. मोबदला काय? कोणाकडून चहा, कोणाकडून बिडी, पगाराच्या दिवशी चार-आठ आणे. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण याची काठी थांबेना. कित्येक महिने तो बेकार माणसांना पहाटे उठवीत होता. लोक उठत, ‘उठलो रे बाबा’ म्हणत आणि पुन्हा पडत. त्याला कोणी नको म्हणाले नाही. उठून जायला ठिकाण नाही हे त्याला सांगायचे कोणी?

दुसरी वल्ली चहाच्या हॉटेलातली. सोलापूर हे चार भाषांचे गाव. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू. एकाच मागावर दोन पाळ्यांत दोन भाषांची माणसे उभी राहत. हा गृहस्थ मराठी वर्तमानपत्र हातात घेई आणि समोर कोण बसले आहे ते पाहून ते तेलुगूत किंवा कानडीत वाचून दाखवी. वाचन अस्खलित, अडचण एवढीच, की छापलेल्या मजकुरात तो स्वतःची भर घाली. दर आठवड्याला महागाई भत्ता वाढे. दर दिवाळीला बोनस जाहीर होई, तोही आमच्या युनियनने मागितला असेल त्याच्या दुप्पट! एकदा काही बदली कामगार खरोखरच आमच्या कचेरीत येऊन ‘वाढ झाली ती कुठे आहे?’ म्हणून भांडले. मी रागाने त्याला जाब विचारायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही मागता, मी देतो. लोकांना कोण आवडेल?” या प्रश्नाला कामगार चळवळीच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर सापडले नाही.

या दोघांचे पोट कोण भरत होते, हे मात्र चिटणीसांच्या विषयात नव्हते. उत्तर सोपे आहे. पगाराचा दिवस. हजारो माणसांच्या हाती एकाच आठवड्यात रोख पैसा येई, तेव्हा खानावळवाली बाई दोन ताटे उधारीवर वाढायला कचरत नसे. शहराची पगाराची पेटी भरलेली असली की त्याला अशी माणसे परवडतात. शतक सरता सरता बहुतेक मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले. आधी खानावळी मिटल्या, मग हॉटेले, मग ही माणसे दिसेनाशी झाली. पेपरवाला शेवटी एस. टी. स्टँडवर दिसे. हातात पेपर असे, पण तो मोठ्याने वाचीत नसे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. वेडा कोण, हे ठरविण्याचा अधिकार नेहमी चाळीकडेच होता असे नाही. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ आला आणि गांधी टोपी घालणे हा गुन्हा ठरला. सरकारच्या हिशेबी त्या दिवसांत डोक्यावर पांढरी टोपी ठेवणारा प्रत्येक सोलापूरकर माथेफिरू होता. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आज त्यांच्या नावाचा चौक आहे.

आता तिसरा माणूस. हा साळखात्यातला. चालू मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. तिथे तोंडाने बोलणे व्यर्थ, म्हणून साळी हातांनी आणि ओठांनी बोलतात. तुटला धागा, संपली कांडी, आला जॉबर, प्रत्येकाला खूण ठरलेली. हा तीस वर्षे तसाच बोलला आणि मग घरीदारी, मंडईत, लग्नातही तसाच बोलू लागला. भाजीवालीशी हातवारे करी, आणि तोंड उघडलेच तर असे ओरडे की शेजारचा दचके. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुँवाच्या अगदी कठड्याशी उभा राहून हा जांभया देई. पोरे त्याच्या नकला करीत, मागे लागत. बायको मात्र त्याला ओसरीवरून खुणेनेच जेवायला बोलवी, आणि दोघे खुणेनेच भांडत. असे शांत भांडण मी दुसऱ्या कोणत्या घरात पाहिले नाही!

मंडळी, हा माणूस विक्षिप्त नव्हता. बहिरा होता. जन्माने नव्हे, कामाने. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती. तीत कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार होता आणि आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. मी त्याच्या वतीने भरपाईचा अर्ज लिहिला. उत्तर आले ते असे: वयोमानाने ऐकू कमी येते, कामाशी संबंध नाही. ज्या खोलीत बसून हे लिहिले गेले तिथे पंख्याचासुद्धा आवाज नव्हता. आमच्या हसण्यातल्या किती वल्ली अशा यंत्राने घडवलेल्या होत्या, याची कोणी मोजदाद केली नाही. सदैव खाकरणारा म्हातारा, हात थरथरतो म्हणून कप दोन्ही हातांनी धरणारा जॉबर, दोन बोटे नसल्यामुळे नमस्कार करायला लाजणारा माणूस. यांना आम्ही टोपणनावे दिली आणि मोकळे झालो.

गिरण्या गेल्या तरी माग गेले नाहीत. पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आजही चालतात, पुष्कळसे घराशेजारच्या छोट्या शेडमध्ये, जिथे छत पत्र्याचे आणि आवाज कोंडलेला. गेल्या महिन्यात एका शेडमध्ये गेलो होतो. तिशीचा पोरगा माग सोडून बाहेर आला, रस्त्यावर आला, तरी माझ्याशी हातानेच बोलू लागला. मी त्याला ओरडून सांगितले, एकदा कान तपासून घे, डॉक्टरकडे मी येतो बरोबर. त्याने माझ्या ओठांकडे पाहिले, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, आणि मग भुवई उडवून विचारले: खाडा कोण भरणार?