गांधीलमाशीची ओळखपरेड



व्याख्यानमालेच्या पत्रकावर माझ्या नावासमोर ‘गांधीलमाशांची छायाचित्रे’ असा विषय वाचून छापखान्याने काही घोटाळा केला, असे पुष्कळांना वाटले असेल. हमाल आणि जिनिंगमधले कामगार यांच्या संघटनेत ज्याची तीस वर्षे गेली त्याने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. माशांशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो नावाचा आहे. एकाच कामगाराचे नाव हजेरीपटावर एक, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असले, म्हणजे म्हातारपणी त्याला स्वतःच्याच पैशासाठी किती खेटे घालावे लागतात हे मी पाहिले आहे. माणूस समोर उभा असतो आणि कागद म्हणतो, हा तो नव्हे. त्या खेट्यांनी ओळख पटवण्याची चिकाटी शिकवली. सातवीनंतर सुटलेल्या शाळेने ती शिकवली नव्हती. फुरसतीच्या वेळी तीच मी माशांवर खर्च करतो.

आपल्याकडे जे जे पिवळे-तांबडे, बारीक कमरेचे आणि डसणारे, ते सगळे गांधील. गोदामाच्या पत्र्याखाली पोळे दिसले की काठीला चिंधी बांधायची, ती तेलात बुडवायची आणि पेटवायची. हमालांचे मी समजू शकतो. पाठीवर पोते असता डोळ्यापाशी डंख बसणे ही थट्टा नव्हे. मधमाशीचा डंख कातडीत अडकून राहतो, गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डसू शकते. डंखानंतर कुणाचा चेहरा सुजू लागला, दम लागू लागला, तर चुना-हळद लावीत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. परंतु त्याच रागाच्या भरात भिंतीवरच्या कुंभारणीचे मातीचे घरही फोडले जाते, आणि ती बिचारी सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.

या कुंभारणीवर आपल्याकडे केवढे तत्त्वज्ञान उभे राहिले आहे! कीटभृंगन्याय आपण सर्वांनी कीर्तनात ऐकला आहे. भृंग अळीला मातीच्या घरात कोंडतो, अळी भयाने त्याचेच अखंड चिंतन करते आणि अखेरीस स्वतः भृंग होऊन बाहेर पडते. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले त्याची नजर उत्तम होती, असे मी म्हणेन. अळी आत गेली हे खरे. त्याच घरातून माशी बाहेर आली हेही खरे. मधले दिवस तेवढे भिंतीआड गेले. मी एका बंद खोलीच्या चौकटीवरचे असे घर एका बाजूने ब्लेडने अलगद उघडले, त्या जागी काचेचा तुकडा बसवला आणि रोज एक चित्र घेतले. पहिल्या चित्रात छताला बारीक धाग्याने टांगलेले अंडे दिसते आणि खाली हिरव्या अळ्यांची रास. अळ्या मेलेल्या नसतात, डंखाने लुळ्या केलेल्या असतात. म्हणून त्या सडत नाहीत. पुढच्या चित्रांत अंड्यातून निघालेले पांढरे पोर एकेक अळी फस्त करीत फुगत जाते. मग कोष, आणि मग माशी. फ्रान्समधल्या फाब्र नावाच्या, गरिबीत वाढलेल्या शाळामास्तराने या टांगलेल्या अंड्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच करून ठेवले आहे. न्यायाचा पारमार्थिक अर्थ कीर्तनकारांनी सांगावा, तो त्यांचा अधिकार. माझे म्हणणे काचेमागच्या अळीपुरते आहे. तिचे रूपांतर झाले नाही, ती खाल्ली गेली.

इथेच ओळखीचा पहिला पेच येतो. अळ्या भरणारी कुंभारीण वेगळी आणि कोळी भरणारी वेगळी. पहिली गांधीलमाशीच्या व्हेस्पिडी कुळातली. ती बसली म्हणजे पुढच्या पंखांची लांबीच्या दिशेने घडी घालते आणि पंख काडीसारखे अरुंद दिसतात. कोळी भरणारी ती स्केलिफ्रॉन. तिची कमर लांब देठासारखी, आणि पंखांना अशी घडी नाही. तिच्या सोडलेल्या घराशी कधी कधी निळी, धातूसारखी चकाकणारी माशी दिसते. ती कॅलिबियन. तिने हे घर बांधलेले नसते, रिकामी खोली पाहून ती राहायला आलेली असते. म्हणून घराच्या चित्रावरून मालकाचे नाव घाईने लावू नये.

कॅमेऱ्याविषयी थोडेच बोलतो. महागडी यंत्रे लागतात या समजुतीने लोक आरंभच करीत नाहीत. जुन्या बाजारातला कॅमेरा, त्यावर कडीने उलटी बसवलेली जुनी लेन्स, आणि दिव्याचा झगझगाट मोडण्यासाठी बटर पेपर, एवढ्यावर माझे चालते. हल्ली मोबाइलला चिमट्याने लावायचे भिंग मिळते, तेही वाईट नाही. अडचण दुसरीच आहे. माशी मुळात जेवढी तेवढीच कॅमेऱ्याच्या आतल्या पट्टीवर उमटू लागली म्हणजे रेखीव दिसणारा थर जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा उरतो. डोळा स्पष्ट आला की पोट धूसर. म्हणून एका चित्राने भागत नाही. पाठीवरून एक, बाजूने एक, तोंडासमोरून एक, आणि घरट्याचे एक. सकाळी गारठ्यात माशी सुस्त असते, तेव्हाच जावे. बाजूने, सावकाश, आणि आपला उच्छ्वास पोळ्यावर न सोडता. पुष्कळ मंडळी मला फुलावर बसलेल्या माशीची फार सुंदर चित्रे दाखवतात. कॅलेंडरवर ती शोभतील. पण पोट पाकळीआड गेलेले असते, आणि नाव तर पोटावर लिहिलेले असते! रोपालिडिया आणि पॉलिस्टिस या दोघी कागदासारखे उघडे पोळे बांधतात; पहिलीच्या पोटाचा आरंभीचा भाग देठासारखा आवळलेला, दुसरीचा नरसाळ्यासारखा रुंदावत जाणारा. हे बाजूच्या चित्रातच दिसते. मिशांचे पेर मोजता आले तर आणखी एक गोष्ट कळते. मादीला बारा, नराला तेरा. आणि नराला डंख नसतो. इतके करूनही काही जाती चित्रावरून सुटत नाहीत. तिथे मी वहीत कुळाचे नाव लिहितो आणि पुढे ‘जात अनिश्चित’ असा शेरा मारतो.

आपल्या पत्र्याखालचे पोळे पुष्कळदा रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचे असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी हिचा अनेक दशके अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन तिला स्वतंत्र ओळख दिली, आणि मग दिसले ते असे की, राणी पोळ्यावर कोणावर हुकूम गाजवीत नाही. अन्न आणायला कोणी जायचे हे कामकरी माशा आपसांत ठरवतात. राणी काढून घेतली की काही मिनिटांत त्यांतलीच एक एकाएकी आक्रमक होते, आणि राणी परत न आल्यास तीच पुढे राणी बनते. आमच्या कार्यालयात हे सांगितले तेव्हा मुकादमांविषयी जी टीका झाली ती या व्यासपीठावर सांगण्याजोगी नाही. माशांवरून माणसांचे राजकारण शिकावे असे मला वाटत नाही. पण ठिपके दिले नसते तर ती सगळी ‘कामकरी’ या एकाच शब्दात बुडाली असती, हे मात्र ध्यानात येते.

आता शेतकरी श्रोत्यांसाठी. २००५ नंतरच्या काही हंगामांत देशाच्या कापूसपट्ट्यात पिठ्या ढेकणाने थैमान घातले. तेव्हा एक काळी, दोनेक मिलिमीटरची माशी त्या ढेकणात अंडी घालताना आढळली. तिला कोणी मुद्दाम आणून सोडले नव्हते. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी २००९ साली तिचे नाव एनेसियस बंबावालेई असे ठेवले, कीडव्यवस्थापनातले शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या सन्मानार्थ. पुढे तपासात निघाले की हीच माशी अमेरिकेत गिरॉ यांनी १९१५ सालीच एरिझोनेन्सिस या नावाने नोंदवली होती. प्राणिशास्त्राचा नियम असा की, पहिले नाव टिकते. त्यामुळे बंबावाल्यांचे नाव मागे पडले. हा कारकुनी वाद नव्हे. नाव जुळले तेव्हाच दोन देशांतली माहिती एका कागदावर आली.

येत्या हंगामात कपाशीवर पिठ्या ढेकूण दिसले तर फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी पाने उलटून पाहा. पांढऱ्या ढेकणांत काही तपकिरी, फुगलेले आणि कडक झालेले असतील, तर त्यांच्या आत ही माशी वाढत असते. तसे दहा-वीस ढेकूण बाटलीत ठेवा, तोंडाला कापड बांधा आणि सावलीत ठेवा. जे बाहेर येईल त्याचे पट्टीच्या मापाशेजारी ठेवून बाजूने आणि पाठीवरून चित्र घ्या, आणि मागे गावाचे नाव व तारीख लिहा. माझी चित्रे मागच्या टेबलावर मांडली आहेत. ज्यांवर शेरा नाही त्यांविषयी वाद घालायला मी सभा संपल्यावर थांबणार आहे.